शॉकवेव्ह, मामांची मूठ आणि आपले साडेतीन लाख

हे लिहावं की नाही असं चार दिवस चाललं होतं. ज्यांच्याविषयी लिहायचं त्यातली निम्मी मंडळी हे वाचतात, आणि उरलेल्या निम्म्यांना वाचणारे फोन करून सांगतात. पण फोनवर बोलायला गेलं की माझा आवाज चढतो, दादाचा त्याहून चढतो, आणि मुद्दा राहतो बाजूला. म्हणून लिहितोच. राग आला तर खाली लिहा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

तर झालं असं. आजीच्या नावाने काहीतरी करावं हे आमच्या घरात दोन वर्षं घोळतंय. पुण्याचा दादा, दुबईची ताई, मी आणि बाकीची मावस-मामेभावंडं मिळून साडेतीन लाख जमले. देवळापुढे बाक, एसटी स्टँडवर पाणपोई, शाळेला कॉम्प्युटर असे सगळे टप्पे पार करून गेल्या महिन्यात दादाने नवी कल्पना मांडली. रत्नागिरीतल्या एखाद्या दवाखान्याला शॉकवेव्हचं मशीन भेट द्यायचं. निमित्त अर्थातच बापूमामा. लगोलग कोटेशनही आलं, बरोबर साडेतीन लाखांचं. मशीनवर आजीच्या नावाची पाटी, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं त्याची चर्चा... ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. 'तुला काय प्रॉब्लेम आहे?' असं ताईने विचारलं आहे. तर हा प्रॉब्लेम.

बापूमामांना न ओळखणाऱ्यांसाठी थोडंसं. मामा एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं. पालीपासून आत घर. रत्नागिरी-कोल्हापूर मार्गावर आंबा घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला याचा हिशेब त्यांनाही नाही. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत सकाळी उठले तर डावा हात जड. अंगाखाली आला असेल म्हणून मामीने तेल चोळलं. दहाच्या सुमारास पायही ओढायला लागला तेव्हा गाडीची शोधाशोध. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि माणूस झोपेतून उठल्यावर कळलं तर घड्याळ रात्री तो शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून लावतात. म्हणजे आमची वेळ मामा उठण्याआधीच निघून गेली होती. असो, तो वेगळा विषय.

नऊ दिवसांनी घरी सोडलं. बरोबर गोळ्या आणि व्यायामाच्या चित्रांची एक झेरॉक्स, इतकी फिकट की चित्रातला हात कुठला आणि पाय कुठला ते मामीने मला विचारलं होतं. मग रत्नागिरीहून एक फिजिओथेरपीची मुलगी स्कूटरवर आठवड्यातून तीनदा यायला लागली. चांगली मुलगी. मामांना 'काका, घाटातला शेवटचा टर्न राहिलाय' असं म्हणत दहाचे पंधरा करायला लावायची. एप्रिल-मे बरे गेले. मामा काठी घेऊन पडवीत येऊ लागले. जूनमध्ये पाऊस लागला, आतल्या रस्त्याचं जे व्हायचं ते झालं, आणि त्यातच तिला कोल्हापूरला नोकरी लागली. आम्ही दुसरं कोणी शोधलं. येतो म्हणणारे दोघे एकदाही आले नाहीत. गणपतीला मी घरी गेलो तेव्हा मामांचा डावा कोपर दुमडलेला, मनगट आत वळलेलं आणि मूठ गच्च मिटलेली.

आपण म्हणतो 'हात मेला', 'हात गेला'. लकव्यानंतर सुरुवातीला हात लुळा असतो खरा, पण बऱ्याच जणांमध्ये काही आठवड्यांनी उलटंच सुरू होतं. मणक्यातून स्नायूंना जे आपोआप ओढण्याचे हुकूम सुटतात त्यांना मेंदू एरवी लगाम घालून असतो. तो लगाम सुटला की कोपर दुमडणारे, बोटं मिटणारे स्नायू ओढतच राहतात. याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. हिची एक खूण आहे, आणि माझ्या सगळ्या भांडणाचं मूळ त्या खुणेत आहे. मिटलेली मूठ झटक्याने उघडायला गेलं तर ती अडते, आणि हळूहळू, धीराने उघडायला घेतली तर बरीचशी उघडते. जेम्स लान्स नावाच्या ऑस्ट्रेलियन न्यूरॉलॉजिस्टने १९८० मध्ये जी व्याख्या केली तिच्यात हा वेगाचा मुद्दाच मुख्य आहे. (आणि महिनोन्‌महिने कोणी उघडलीच नाही, तर मात्र स्नायूच आखूड होतो. मग हळू उघडा नाहीतर जोरात.)

घरात याचा अर्थ काय होतो ते मामीला विचारा. नखं तळव्यात रुततात. मूठ आत ओली राहते, वास यायला लागतो. सदऱ्याची बाही घालणं हा रोजचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. त्यात येणारा प्रत्येक पाहुणा एक स्माइलीचा पिवळा बॉल घेऊन येतो आणि म्हणतो, 'मामा, हा दाबत बसा.' अहो, मूठ दाबायची हौस त्या हाताला आधीच आहे! त्याला उघडायला शिकवायचंय. मामांकडे सध्या असे चार बॉल आहेत. नातू क्रिकेट खेळतो त्यांनी.

दिवाळीत दादाचा व्हिडिओ आला. एक आजोबा खुर्चीत, मूठ मिटलेली. मग एक माणूस पिस्तुलासारखं काहीतरी त्यांच्या दंडावर आणि पोटरीसारख्या दिसणाऱ्या हातावर टकटकटक चालवतो. मग मूठ उघडते, खाली बाण, 'पाच मिनिटांत फरक'. पार्श्वसंगीत तर असं, की आजोबा आता उठून नाचतील. दादाने लिहिलं होतं, 'पैशाची काळजी करू नका, मामांना लगेच न्या.'

नेलं. नाव लिहीत नाही, लिहिण्याची गरजही नाही, असे दवाखाने आता सगळ्या शहरांत आहेत. एका सिटिंगचे दीड हजार, दहाचं पॅकेज घेतलं तर बारा हजार. मामा रिक्षातच विचारत होते, 'करंट देणार का रे?' ही समजूत घरातल्या सगळ्यांचीच होती, म्हणून सांगतो. शॉकवेव्हमध्ये विजेचा शॉक नसतो, दाबाची लाट असते. आपल्या खानदानात निम्म्यांचे मुतखडे ज्या तंत्राने फोडले त्याचंच हे भावंड. जर्मनीतली डॉर्निए ही विमानं बनवणारी कंपनी, अतिवेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आपटून काय होतं याचा अभ्यास करत होती, त्यातून हे निघालं, आणि १९८० च्या फेब्रुवारीत म्युनिकमध्ये पहिल्या माणसाचा मुतखडा बाहेरून लाटा मारून फोडला. मग टाचदुखी, खांदेदुखी करत करत गाडी लकव्याच्या हातापर्यंत आली. मात्र दवाखान्यांत जे टकटक करणारं स्वस्तातलं मशीन असतं, आणि आपलं कोटेशन ज्याचं आहे, ते बहुतेक वेळा 'रेडियल' असतं. त्यात हवेच्या दाबाने एक छोटा गोळा नळीत पुढे आपटतो आणि तो धक्का कातडीवरून आत पसरतो. मुतखड्यासारखी एका बिंदूवर एकवटलेली लाट ती नव्हे. वाईट आहे असं नाही. पण 'तेच मुतखड्याचं तंत्रज्ञान' म्हणून विकायचं असेल तर एवढं तरी सांगावं.

आमच्याकडून काय विचारून घेतलं? नाव, वय, पैसे. मामा रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या घेतात, हे मी आपण होऊन सांगितलं, दुसऱ्या सिटिंगनंतर, दंडावर निळे डाग दिसल्यावर. पहिल्याच दिवशी विचारायचा प्रश्न होता हा. 'ह्याने मेंदूच्या नसा मोकळ्या होतात' असंही ऐकलं. हातावर मारलेल्या लाटेने मेंदूच्या नसा मोकळ्या होत असत्या तर मुतखडा फोडून आलेले आपले काका एव्हाना बुद्धिबळात चमकले असते.

आता दादा म्हणेल, तू आधीपासूनच मशीनच्या विरोधात होतास. नव्हतो. चार सिटिंगनंतर मामांची मूठ सैल झाली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मामीने कितीतरी महिन्यांनी त्यांचा तळवा साबणाने नीट धुतला, नखं काढली, आणि मला फोन करून सांगितलं. तो आवाज ऐकल्यावर बारा हजारांचं मला काही वाटलं नाही. ताठरपणा मोजायची एक पट्टी असते, अ‍ॅशवर्थची, शून्यापासून चारपर्यंत. कोल्हापूरची ती मुलगी सुट्टीत आली होती तेव्हा तिने मोजलं. आधी तीन होता, आता दोन. फरक खरा होता.

पुढचं मात्र व्हिडिओत नाही. तिने जाताना सांगितलं होतं की हात सैल आहे तोवर दिवसातून तीन-चारदा तो ताणा, रात्री स्प्लिंट बांधा, आणि दोन्ही हातांनी करायची कामं द्या. स्प्लिंट आणला तो मापात बसेना. कोणाला दाखवायचा? मामी एकटी, गुडघे दुखतात, घरात म्हैस. दोन महिन्यांत आकडा परत तीन. पॅकेजच्या राहिलेल्या सहा सिटिंग मामांनी सोडून दिल्या, कारण पालीच्या आतून रत्नागिरीला जायचं म्हणजे रिक्षाचे नऊशे आणि अख्खा दिवस.

त्या सुमारास मी एक उद्योग केला. मामा हो म्हणाले, मग मोबाइल ट्रायपॉडला लावला आणि त्यांची मूठ पटकन उघडायचा प्रयत्न केला. नाही उघडली. मग कॅमेरा बंद करून मनगट आधी वाकवलं, अंगठ्यापासून सुरुवात करून एकेक बोट, गप्पा मारत, सात-आठ मिनिटं. कॅमेरा चालू. मूठ उघडी! मशीन नाही, तेल नाही, मंत्र नाही. तो व्हिडिओ मी दादाला पाठवला तर त्याने विचारलं, 'कुठली ट्रीटमेंट केली?' दादा, हीच ती ट्रीटमेंट. उपचारानंतर लगेच काढलेला कुठलाही 'आधी-नंतर' व्हिडिओ या आजारात काहीही सिद्ध करत नाही. महिन्यानंतरचा दाखवा.

वाचलं, जेवढं कळलं तेवढं. इटलीतल्या मँगानोत्ती आणि अमेलियो यांनी २००५ मध्ये 'स्ट्रोक' या नियतकालिकात वीस रुग्णांवरचा प्रयोग छापला. आधी सगळ्यांना खोटाखोटा उपचार दिला, आवाज तोच पण लाट नाही. मग खरा. खोट्याने फरक नाही, खऱ्याने मनगट आणि बोटं सैल झाली, आणि काहींचा सैलपणा बारा आठवड्यांनीही टिकून होता. खरी लाट किती वेळा दिली होती? एकदा. त्यानंतर बरेच प्रयोग झाले, त्यांत एक, तीन, पाच अशा सिटिंग असतात. तैवानमध्ये २०१८ साली बोटॉक्सच्या इंजेक्शनशी तुलना झाली, त्यातही ताठरपणा कमी करण्यात शॉकवेव्ह मागे पडली नाही. तेव्हा जे म्हणतात 'सगळी फसवणूक आहे', त्यांच्याशीही मी भांडायला तयार आहे. सुई नाही, भूल नाही, धोका कमी. फक्त हे लक्षात घ्या की या प्रयोगांत भक्कमपणे दिसतो तो सैलपणा. त्या हाताने पेला उचलता येतो, बटण लावता येतं, याचा पुरावा त्या मानाने लंगडा आहे. असणारच. मूठ सैल करणं वेगळं आणि तिला काम शिकवणं वेगळं, दुसरं लाटेने होत नाही. आणि दहाचं पॅकेज कुठल्या अभ्यासातून आलं ते मला सापडलं नाही. हाताला बोटं दहा असतात, त्यावरून असेल.

मामांना मी विचारलं होतं, तुम्हाला नक्की काय यायला हवंय? ते म्हणाले, 'मला काय आता गिअर टाकायचाय? लुंगीची गाठ मारता आली तरी पुरे.' लुंगीच्या गाठीला डाव्या हाताने फक्त टोक धरून ठेवावं लागतं. उचलायचं नाही, फिरवायचं नाही, धरायचं. हे शिकवायला माणूस लागतो. आज टोक, उद्या दोन सेकंद, परवा उभं राहून. कोणीतरी रोज समोर बसून.

इथे ताईचा मुद्दा येतो, की मग घरच्यांनीच शिकून घ्यावं, फिजिओ कशाला? मलाही हेच वाटायचं, आणि हे सोयीचंही आहे, फुकटात होतं. पण आपल्याच देशात हे करून पाहिलंय. 'अटेंड' नावाचा मोठा प्रयोग होता, भारतभरातल्या चौदा हॉस्पिटलांत, १२५० रुग्ण. निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम आणि काळजी घेणं शिकवून घरी पाठवलं, निम्म्यांना नेहमीसारखं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत परावलंबी राहिलेले किंवा दगावलेले जवळजवळ सारखेच. हे वाचून मी दोन दिवस गप्प होतो, कारण मामीला मी फोनवर 'तुम्ही केलंत तर होईल' असं ऐकवत आलो होतो. तिच्या माथी मारलेली ती माझी आळशी आशा होती. मामी, हे कोणी तुला वाचून दाखवलं तर, चुकलं माझं.

म्हणजे शिकलेला माणूस हवा आणि तो परत परत यायला हवा. त्याचे पैसे कोण देणार? आयुष्मान भारत योजनेत हॉस्पिटलमधून सोडल्यानंतरचे पंधरा दिवस धरलेले आहेत. मामांचा हात आखडायला लागला तो चार महिन्यांनी! पलंगाचे, इंजेक्शनचे, स्कॅनचे पैसे मिळतात, आणि ज्या महिन्यांत हात घडतो किंवा बिघडतो त्या महिन्यांत आपण एकटे. हे शास्त्र आपल्याकडे नवीन आहे असंही नाही. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था १९५५ पासून उभी आहे. पालीच्या आतून हाजीअली म्हणजे कोकण रेल्वेची एक रात्र, मामांना धरून डब्यात चढवायला दोन माणसं, आणि तिथे राहायचं कुठे?

आता आपले पैसे. मी हिशेब केलाय, दादाला आकडे आवडतात म्हणून. नुकतीच पास झालेली एखादी फिजिओ मुलगी किंवा मुलगा महिना पंचवीस हजारांवर ठेवला, तर वर्षाचे तीन लाख. पेट्रोलला महिना चार हजार, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. तीन लाख अठ्ठेचाळीस. उरलेल्या दोन हजारांचा रेनकोट. हातखंबा, पाली आणि आतल्या वाड्या मिळून रोज पाच घरं. लकव्याची माणसं शोधायला लागणार नाहीत, कुठल्याही वाडीत विचारा, पडवीत बसलेला एक आखडलेला हात दाखवतात.

दादाचं उत्तर मला पाठ आहे. मशीन दहा वर्षं टिकतं, पगार वर्षात संपतो. बरोबर आहे, आणि वर्षानंतर काय याचं माझ्याकडे उत्तर नाही. पण मशीनलाही चालवणारा लागतोच, हँडपीसमधले भाग झिजतात ते बदलावे लागतात, आणि ज्या दवाखान्याला आपण देऊ तो सिटिंगचे पैसे घेणारच, घेतले नाहीत तर त्याचं भागणार कसं? म्हणजे आजीच्या नावाच्या मशीनवर बसायला मामांना परत नऊशेची रिक्षा आणि दीड हजार. आजी स्वतः कुळथाचं पिठलं कोणाकडे पाठवायची झाली तर डबा घेऊन चालत जायची. कोणाला 'येऊन घेऊन जा' म्हणालेली मला तरी आठवत नाही.

पाटी लागणार नाही, हे खरं. स्कूटरवर लावायची असेल तर लावू.

रविवारी रात्री नऊला कॉल आहे, दुबईचे साडेसात. माझं मत मशीनला नाही. आणि वाचणाऱ्या मंडळींपैकी कोणाच्या ओळखीत रत्नागिरी किंवा लांजा-देवरुखकडची, स्कूटर चालवणारी, पावसाला न घाबरणारी फिजिओ असेल तर रविवारच्या आत कळवा. त्या कॉलवर एक नाव हातात असलं तर माझी बाजू थोडी बळकट होईल. मामांचा हात सध्या मीच शनिवार-रविवार जाऊन ताणतो. लुंगीचं टोक परवा त्यांनी चार सेकंद धरलं, मग सुटलं, आणि त्यानंतर ते मला काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही, एसटीतली भाषा आहे.